पारख शाळेची की बापाच्या खिशाची?

चवदार तळ्याचे नाव निघाले की आम्हा महाडकरांची मान ताठ होते. परंतु ज्या ठरावाचा आधार घेऊन 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेतले, तो रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा 1923 चा कौन्सिलातील ठराव केवळ पाण्यापुरता नव्हता. विहिरी, तळी, धर्मशाळा यांबरोबर सरकारी शाळांची दारेही त्याने अस्पृश्यांस मोकळी केली होती. तळे आमच्या ध्यानात राहिले, शाळा मात्र विसरली!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, येईल त्या मुलास घेते ती शाळा टाकाऊ, आणि पैसे मोजील त्यालाच घेते ती उत्तम, हा उफराटा न्याय तुमच्या गळी कोणी उतरविला?

पोलादपूरच्या डोंगरातील आमच्या वाडीवरची शाळा घ्या. धनगराचे मूल येते, कातकऱ्याचे येते. आईबापांबरोबर कोळसाभट्टीवर गेलेले पोर चार-सहा महिन्यांनी परतले तरी त्याला आम्ही वर्गात बसवितोच. पिवळी गाडी जेथे मुले नेते तेथे असली मुले दिसणार नाहीत. मुलांची परीक्षा घेऊन निवड करण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली आहे खरी. पण फी हीही परीक्षाच, फक्त ती बापाच्या खिशाची!

सावित्रीकाठच्या खाचरात भात जोमाने येते. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी येते तीही रक्ताचे पाणी करून. म्हणून काठावरचा शेतकरी हुशार व डोंगरावरचा ऐदी असे तुम्ही म्हणाल काय? आधी जमिनीचा कस पाहाल. मग ज्या मुलाच्या घरी शिकवणी, पुस्तके व शिकलेली आई आहे, त्याचे गुण पाहून शाळेची आरती का ओवाळता?

आंध्र प्रदेशात 2008 पासून हे ताडून पाहिले गेले. खासगी शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या गरीब मुलांची सोडत काढली. चार वर्षांनी सोडत लागलेली व न लागलेली मुले तपासली, तर तेलुगू व गणितात फरक आढळला नाही. खासगी शाळा हिंदी जास्त शिकवीत, त्यात तेवढी ती मुले पुढे होती.

शाळा बिघडली म्हणून पैसेवाले गेले, असे सांगतात. ते गेले म्हणून गळक्या छपराची ओरड कोणी ऐकेना, हे कोणी सांगत नाही. गावात ज्याच्या शब्दाला वजन, त्याचे मूल शाळेत नसले की शाळेचेही वजन जाते. त्यांच्यामागून कर्ज काढून आमचा सुतार गेला, कुणबी गेला. पट घटला. सप्टेंबर 2023 मध्ये 20 हून कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव सरकारने मागविले. आषाढात ओढे फुगले असता सहा वर्षांचे पोर दूरच्या शाळेत कसे जाणार?

पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेस गरिबांच्या 25 टक्के जागांतून सूट! मुंबई हायकोर्टाने जुलै 2024 मध्ये ती रद्द केली, हे ठीक झाले. पण डाव ओळखा. गरिबाचे मूल तिकडे नको, आणि पट कमी म्हणून इकडे शाळाही नको!

आम्ही मास्तर निर्दोष नाही. वर्गात मोबाइल चाळणारे आमच्यात आहेत. मी स्वतः थोरल्या मुलास पिवळ्या गाडीत बसविले. 'गुरुजी, तुमचे पोर कुठे शिकते?' असे एका कातकरी बाईने विचारले तेव्हा मला उत्तर सुचेना. धाकटी माझ्याच वर्गात आहे.

तेव्हा बंधूंनो, फीचे कर्ज काढण्यापूर्वी एक दिवस शाळेत या. मुलाच्या हाती पुस्तक देऊन वाचायला लावा. आले नाही तर मास्तरास जाब विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, त्या बाहुल्यांस देऊ नका. ज्या दारासाठी आपल्या वाडवडिलांनी अपमान सोसला, ते आपल्याच हाताने लावून घेऊ नका.