हर्णैला जागा घेताना
विदर्भातल्या रोहिणखेडच्या शेतकऱ्याने हर्णैला समुद्राकाठी जमीन घ्यायची म्हटली, तर १९४८चा कुळकायदा त्याच्या आड येत नाही; त्याच्या नावावर सातबारा आहे, तो शेतकरी आहे. मेख असते ती कोकणातल्या सातबाऱ्यात. पंधरा-वीस हिस्सेदार, निम्मे मुंबईला, इतर हक्कांत एखादं जुनं कूळ; एकाची सही राहिली की व्यवहार लोंबकळलाच. शिवाय भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमनाचे निर्बंध, तिथे बांधकामाला वेगळी परवानगी. हे सगळं तपासाच, पण त्याआधी संध्याकाळी बंदरावर लिलावाला जाऊन उभे राहा. होड्यांतून उतरलेली सुरमई, पापलेट वाळूतच ढीग लावून बोलीने विकली जाते. किनाऱ्यालगतच बायका जवळा वाळत घालतात. अशा वाळवणाच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमारांच्या वापरात आहेत, तरी किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत कागदोपत्री त्यांचं नाव नाही. तिथे कुंपण पडलं, तर पावसाळ्यात होड्या बंद असताना ज्या सुक्या मासळीवर घर चालतं, तीच जाते. सरकारने या जागा मोजून मच्छीमारांच्या नावावर कराव्यात. आणि आपण, कितीही स्वस्त मिळाली तरी, तसली जागा घेऊ नये.