घ्या आणि घेऊन बसा

आमच्या भंगारवाल्यानं या आठवड्यात चक्क एक वस्तू नाकारली. तळ गेलेलं पातेलं, तीन पायांची खुर्ची, मुलीच्या बारावीची गाइडं, सगळं त्यानं निमूट नेलं. बंद पडलेल्या सीएफएल दिव्यांचं खोकं मात्र उघडून पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाला, "हे नको, काका. जपून ठेवा, फुटेल."

ते खोकं आमच्या माळ्यावर कसं साठलं ते सांगत बसत नाही. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ओल्यात नाही, सुक्यातही नाही. आमच्या बायका हातानं कचरा निवडतात, दादा." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मग ज्या दुकानदारानं एके काळी वीजबचतीवर भाषण देऊन हे दिवे गळ्यात मारले होते, त्याच्याकडे गेलो. त्यानं खोक्याकडे पाहिलंही नाही. एलईडीवर मात्र तितकंच सुंदर भाषण दिलं. येताना एक घेऊन आलो.

भानगड पाऱ्याची आहे. एका सीएफएलमध्ये तो तीन ते पाच मिलिग्रॅम असतो. जुन्या काचेच्या थर्मामीटरात सुमारे अर्धा ग्रॅम असे. म्हणजे एका दिव्यानं घाबरून जायचं कारण नाही, पण गावभरचे दिवे कचरा डेपोत फुटले तर तो पारा हवेत आणि पाण्यात जाणारच. २०१६ च्या ई-कचरा नियमांत हे दिवे आले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर पडली. पुढे २०२२ मध्ये बालीला मिनामाता कराराची बैठक झाली, तीत घरगुती सीएफएल २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं. थोडक्यात, विकायला पाच जण दारात येत होते, न्यायला कोणी नाही, आणि आता तर मालच इतिहासजमा.

दिवा घरात फुटलाच तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा नाही, त्यानं पारा आणखी पसरतो. पंखा बंद करून खिडक्या उघडायच्या आणि पाव तास सगळ्यांनी खोलीबाहेर थांबायचं. मग जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करायच्या, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचलायचा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरायचं. आमच्याकडे काचा उचलण्याआधी 'कोणी फोडला?' याची चौकशी होते, ती त्या पाव तासात उरकता येईल.

एवढं ज्ञान झाल्यावर रविवारी सोसायटीच्या सभेत मी ई-कचऱ्याच्या पेटीची सूचना मांडली. पेटी कुठं ठेवायची? जिन्याखाली. जिन्याखाली कोणाची तरी सायकल आहे. सायकल कोणाची, यावरून गाडी पार्किंगवर गेली आणि पार्किंगवरून पाहुण्यांच्या स्कूटरवर. स्कूटरला अर्धा तास लागला. शेवटी एक निवृत्त गृहस्थ उठले. "अहो, पाऱ्याचं काय घेऊन बसलात? लहानपणी थर्मामीटर फोडून आम्ही पारा तळहातावर खेळवलाय. झालं का काही?" सभेनं माना डोलावल्या. मग प्रत्येकाला आपापला फोडलेला थर्मामीटर आठवला आणि कोणाच्या वडिलांनी किती मारलं याच्या गोष्टी निघाल्या. त्या ओसरल्यावर तेच गृहस्थ पुन्हा उठले आणि म्हणाले, "अहो, लहानपणी थर्मामीटर फोडून आम्ही..."

पारा मज्जासंस्थेवर परिणाम करतो, हे वाक्य मी जिभेवरच थोपवलं. ते आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत.

ठराव मात्र एकमतानं झाला. पेटीचा विचार पुढच्या सभेत करावा आणि तोवर सर्व सभासदांनी आपले बंद दिवे, ज्यांच्याकडे खोकं तयार आहे त्यांच्याकडे जमा करावेत. काल संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून विचारणा आली : चार फुटी ट्यूबलाइटी चालतील का?