दुखणे कचेरीचे, पथ्य नोकराला

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना दुखण्याखुपण्याच्या गोष्टी काढू नयेत, हे मला कळते. पण आमच्या करंजाड्यात जे दुखणे घरोघर आहे ते दिवाळीचीही सुट्टी घेत नाही. आणि त्यावर जो उतारा सुचवला जातो तो ऐकून गप्प बसवत नाही.

करंजाडे ही पनवेलला लागून असलेली सिडकोची वसाहत. मुंबईत नोकरी असलेला येथला माणूस उजाडायच्या आत पनवेल स्टेशन गाठतो. तेथून बोरीबंदरपर्यंत हार्बरच्या गाडीने सव्वा तासाच्या वर, आणि तेवढेच परत. मी येथे मास्तरकी करतो. एका पालकसभेत एक गृहस्थ बाकावर बसल्या बसल्या झोपी गेले. वय चाळिशीच्या आत, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या. जाग आल्यावर ओशाळून म्हणाले, "मास्तर, काल कचेरीत मनःशांतीवर व्याख्यान होते. दीर्घ श्वास कसा घ्यावा ते शिकवले. सुटायला नऊ वाजले." व्याख्यान अर्थातच काम संपल्यावर ठेवले होते!

प्राणायामाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते पाठीवर गोणी चढवून वर 'तुझी पाठच कच्ची' म्हणणाऱ्यांशी.

मी मॅट्रिक झालेला माणूस. वैद्यकातले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल. मग ज्यांना कळते त्यांचे ऐका. लंडनच्या सरकारी नोकरांची एक मोठी पाहणी १९६७ साली सुरू झाली. हृदयविकार हा जबाबदारीने वाकलेल्या बड्या साहेबांचा रोग, असा तेव्हा समज. निघाले उलटेच! सर्वांत खालच्या पायरीवरच्या नोकरांत मृत्यूचे प्रमाण वरच्यांच्या सुमारे तिप्पट. विड्याकाड्यांचा हिशेब वजा करूनही फरक उरला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले, की आपल्या कामावर आपलाच ताबा नसणे हे त्याचे एक मोठे कारण. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितले, की आठवड्याला ५५ तास वा अधिक राबण्यापायी २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७,४५,००० माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने गेली. आता ही सगळी माणसे श्वास घ्यायला चुकली होती काय?

आपल्या पुण्यात २०२४ च्या जुलैत २६ वर्षांची एक हिशेबनीस मुलगी नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच गेली. कामाच्या भाराने गेली, असे आईने पत्र लिहून कळवले. कंपनीला ते मान्य नाही. तो वाद बाजूला ठेवू. पण त्यानंतर कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा काय आढळले? त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. दिवसाला नऊ तासांची मर्यादा घालणारा कायदा तो हाच!

यावर मर्यादा जरा आवळली असेल, असे भोळ्या वाचकाला वाटेल. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकाने-कचेऱ्यांसाठी नवाचे दहा तास आणि कारखान्यांसाठी नवाचे बारा तास करायला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला नोकराची लेखी संमती लागेल, असे समर्थक सांगतात. संमती! पगार ज्याच्या हाती, त्यानेच पुढे कागद सरकवल्यावर घराचे हप्ते फेडणारा माणूस नाही म्हणेल? आणि करंजाड्याचे दहा तास हे दहा नसतात. प्रवास धरून ते तेरा होतात.

याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा भरवली, मालकांशी झुंजले, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. त्यांनी कामगारांना दीर्घ श्वास शिकवले नाहीत; मागितला तो वेळ.

तेव्हा मनःशांतीच्या त्या व्याख्यात्यांना माझी विनंती आहे. पुढचे व्याख्यान मालकांच्या दालनात, त्यांच्याच वेळात द्यावे. विषय मी सुचवतो: संध्याकाळी सहाला दिवे कसे मालवावेत.