जैन थाळी दिली म्हणून सहल जैन होत नाही



गेल्या रविवारी मुलाने केनियाच्या सहलीचे माहितीपत्रक घरी सगळ्यांना दाखवले. ऑगस्ट महिना, मसाई मारा, सात दिवस. त्यात दोन ओळी ठळक होत्या. एक, 'शंभर टक्के जैन जेवण'. दुसरी, 'याच मोसमात शिकार प्रत्यक्ष पाहण्याची सर्वाधिक संधी'. दोन्ही एकाच पानावर! सूनबाई म्हणाली, "मम्मी, तुमच्या जेवणाची सोय झाली, आता काय अडचण?" पोरगी गुणाची आहे, हे सगळे तिने माझ्यासाठीच शोधले होते. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देते.

आधी जेवणाचेच बघू. कांदा-लसूण-बटाटा नाही, ठीक. पण त्याच पत्रकात रात्रीचे जेवण आठ वाजता. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने साडेसहाच्या सुमाराला मावळतो आणि संध्याकाळची जंगलफेरी तेव्हाच संपते. मग चौविहाराचे काय? केनियासाठी पीतज्वराची लस लागते. ती कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणावर वाढवतात, हे किती जणींना माहीत आहे? लस टाळा असे मी मुळीच म्हणत नाही. रोग जीवघेणा आहे आणि आपल्या धर्मात विवेक आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आवर्जून विचारून घ्यावी, एवढेच. पण मग 'शंभर टक्के' हा शब्द तरी वापरू नका.

आता मूळ मुद्दा. सिंहाशी माझे भांडण नाही. महावीर स्वामींचे लांछनच सिंह आहे आणि त्यांच्या पूर्वभवांतला एक भव सिंहाचा होता. सिंह भुकेपोटी मारतो, ते त्याचे कर्म. पण आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागते: करणे, करविणे आणि अनुमोदन. नदी ओलांडणारे विल्डबीस्ट मगरीच्या तोंडी जावे म्हणून दोन तास गाडीत वाट बघायची, ते गेले की टाळ्या वाजवायच्या आणि नाही गेले तर पैसे वाया गेले म्हणून हळहळायचे. हे अनुमोदन नाही तर काय आहे? आणि हे नेमके चातुर्मासात! साधू-साध्वी पायाखाली जीव येऊ नये म्हणून चार महिने एका जागी थांबतात, श्रावक दिशांची मर्यादा घेतो, आणि आपण पर्युषणाच्या तोंडावर शिकार बघायला विमानात बसायचे.

"निसर्गच आहे तो, मम्मी," मुलगा म्हणाला. बरोबर. पण निसर्गात गाड्यांची रांग नसते. २०२५ च्या जुलैत टांझानियातल्या सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून नदीकाठी उभे राहिले आणि कळपांची वाटच अडली. ती चित्रफीत जगभर फिरली. मला तर आपले भुशी धरणच आठवले. शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाणाऱ्या गाड्यांनी आपला रस्ता तुंबतो, माकडांपुढे वेफर्स फेकले जातात, तेव्हा आपणच नाके मुरडतो. मग तिकडे जाऊन आपण तेच व्हायचे?

दुसरीकडे, जैनांनी जंगलात पाऊलच टाकू नये म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. स्थानकात एक काकू तसे म्हणाल्या. पण केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, हे त्यांना ठाऊक नव्हते. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणाऱ्यांच्या पैशावरही तिथली अभयारण्ये टिकली आहेत. त्याच देशात आपले ओसवाल बांधव पिढ्यानपिढ्या राहतात, मोम्बासाला १९६३ पासून शिखरबंद देरासर आहे. तिथे दर्शन घ्यावे, हत्तीची पिल्ले बघावीत, जिराफ बघावा. जीवसृष्टी बघून करुणा वाढणार असेल तर जरूर जावे.

आणि आता बी.कॉम.ची वही उघडते. माऱ्यात परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर शुल्क आहे, जानेवारी ते जून १०० डॉलर. आम्ही चार मोठी माणसे, तीन दिवस: ऑगस्टमध्ये २४०० डॉलर, जानेवारीत १२००. फरक लाखभर रुपयांचा. सिंह, हत्ती, जिराफ काही ऑगस्टची वाट बघून येत नाहीत, ते बारा महिने तिथेच असतात. विल्डबीस्टच बघायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत ते दक्षिण सेरेंगेटीत असतात आणि तिथे काही आठवड्यांत लाखो पिल्ले जन्मतात. शिकार तेव्हाही होते, ती चुकत नाही. पण आपण घरून निघतो ते जन्म बघायला की मरण बघायला, हा फरक माझ्या लेखी मोठा आहे.

आपल्या मावळातच, पाल्याच्या डोंगरातल्या लेण्यात, अरिहंतांना नमस्कार करून सुरू होणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात लेणे आणि पाण्याचे टाके करवून दिल्याची नोंद आहे. दगडावर कोरून ठेवण्याजोगे त्या माणसाला काय वाटले, तर तहानलेल्याला पाणी. मी लाखभर वाचवले तर त्यातले निम्मे उन्हाळ्यात पांजरपोळाच्या चाऱ्या-पाण्याला देईन, हे घरात सांगून टाकले आहे.

मुलगा कुरकुरतोय, नातवाची आठवडाभर शाळा बुडेल म्हणतो. आमचे हे नेहमीप्रमाणे पेपरात डोके घालून बसले आहेत. विमानात मी अजून बसलेले नाही, नातवाशेजारी खिडकीत बसायची मलाही हौस आहे. पण ऑगस्टचेच ठरले तर त्यांनी खुशाल जावे. मी वडगावातच राहीन, स्थानकात.

तुम्ही असे पत्रक हातात घ्याल तेव्हा जेवणाच्या ओळीवर थांबू नका, पुढची ओळही वाचा. आणि माझ्या लिहिण्याने कुणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.