बसायचंच असेल तर नीट बसा

मराठी माणूस दारू ‘प्यायला’ जात नाही, ‘बसायला’ जातो. “शुक्रवारी बसू या का?” एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. काय, किती, कुठे, हे सगळं मागाहून ठरतं. बसणं तेवढं आधी पक्कं होतं. शब्द मोठा गोड आहे. पण गेली पंचवीसेक वर्षं मी जे पाहतोय त्यात बसणं थोडं आणि उरकणं फार. ट्यूबलाइटच्या उजेडात, टीव्हीवरच्या मॅचकडे बघत, टेबलावरची क्वार्टर संपवायची आणि वेटर दिसला की दुसरी सांगायची. नाहीतर एकदम दुसरं टोक: मॉलच्या वरच्या मजल्यावर, स्पीकरच्या खाली, मित्राच्या कानात ओरडून “काय म्हणालास?” विचारायचं आणि निघताना बिल बघून गप्प व्हायचं.

या दोन्हींच्या मधली जागा आता मुंबईत बऱ्याच वस्त्यांत दिसते. वीस-पंचवीस खुर्च्या, एक लाकडी काउंटर, मंद दिवे, आणि बोललेलं ऐकू येईल इतपतच गाणी. बाहेर पाटी असली तर हातभर. वांद्र्याच्या गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांमधून चालताना असे लहानसे कॉकटेल बार तुम्ही पाहिले असतील, पण आत जायला बिचकला असाल. आपली जागा नाही, मेन्यू कळणार नाही, खिसा कापला जाईल, अशा शंका येतात. त्या शंकांपायीच हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावं असं मी मुळीच म्हणत नाही. दारूचं अमुक प्रमाण प्रकृतीला सुरक्षित, असं काही नसतं, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये साफ सांगितलं आहे. ज्यांच्या यकृताची तक्रार आहे, ज्यांना झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत, ज्यांना एकदा सुरू केलं की थांबता येत नाही, त्यांनी तर दारूपासून लांबच राहावं. माझं सांगणं आहे ते जे पितातच त्यांना: कमी प्या, चांगलं प्या, आणि खरंच बसा.

जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी, संध्याकाळी सातच्या सुमाराला जा. शनिवारी रात्री दहाला अशा जागी पाय ठेवायला जागा नसते, आणि बारटेंडरला मान वर करायला फुरसत नसते. दोघं जा, फार तर चौघं. ऑफिसातल्या दहा जणांची सेंड-ऑफ पार्टी तिथे नेऊ नका; अर्धा बार तुम्हीच अडवाल. आधी फोन करून विचारलेलं बरं. जाण्याआधी कायद्याचंही बघा: आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आलं. वर्षाचा परवाना १०० रुपयांचा, आयुष्यभराचा १,००० रुपयांचा. तो काढून ठेवा. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, व्हिस्की-रम-जिनसाठी २५. पोरांना घेऊन जाताना हे लक्षात असू द्या, आणि कोणी वयाचा पुरावा मागितला तर अपमान मानू नका.

आत गेल्यावर टेबल शोधू नका, काउंटरला बसा. लहान बारमधली सगळ्यात चांगली जागा तीच. समोरचा माणूस मोजून ओततो, ढवळतो, पिठल्याची चव बघावी तसा हाताच्या मागच्या बाजूला थेंब घेऊन चव बघतो. हे बघण्यात वेळ कसा जातो कळत नाही, आणि तेवढा वेळ ग्लास खाली राहतो.

मेन्यूवरची नावं पाहून घाबरू नका. त्यातली निम्मी नावं त्या बारने स्वतः ठेवलेली असतात, ती कोणालाच माहीत नसतात. सरळ आपल्या भाषेत सांगा: “आंबट आवडतं, गोड बेताचं, रम चालेल.” कामात मुरलेल्या बारटेंडरला एवढं पुरतं. तुमच्या मनाच्या समाधानासाठी एवढं सांगतो की या पसाऱ्याच्या मुळाशी दोन-तीनच घराणी आहेत. १८०६ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. आजचं ओल्ड फॅशन्ड जवळपास तेच आहे. दुसरं घराणं दारू, लिंबू आणि साखरेचं. व्हिस्की घातली की व्हिस्की सावर, रम घातली की डायकिरी. दोन्ही आपल्या लिंबाच्या सरबताच्या चुलत बहिणी. तिसरं कडवट. निग्रोनीमध्ये जिन, कँपारी आणि गोड व्हर्मूथ सारख्या मापाने असतात. त्याचं कारल्याच्या भाजीसारखं आहे. पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं आणि एकदा जमली की सुटत नाही.

हे सगळं परक्यांचं, असं वाटून संकोचू नका. ‘पंच’ हे इंग्रजी पेयाचं नाव आपल्या ‘पाच’वरून गेलं असं बरेच अभ्यासक मानतात: अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसा. सतराव्या शतकात इकडे आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी ते तिकडे नेलं. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि उन्हाळ्यात तिथल्या टॅव्हर्नमध्ये काजूचीच हुर्राक, लिंबू, मीठ आणि मधून चिरलेली हिरवी मिरची घालून जे देतात ते कॉकटेलच की! पणजीला फोंताइन्यासच्या बाजूला गेलात तर जोसेफ बारमध्ये डोकावून या. खोली एवढीशी, निम्मी माणसं रस्त्यावर उभी. वस्तीतला बार कसा असावा ते तिथे दिसतं. मुंबईत कोकम, कैरी, कढीपत्ता घातलेलं काही मेन्यूवर दिसलं, तर पहिल्यांदा तेच मागवा. त्या चवी तुमच्या जिभेच्या ओळखीच्या आहेत. बारटेंडरने काय कमावलं आणि काय घालवलं, हे तुम्हाला लगेच कळेल.

आता बर्फाबद्दल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐटीत सांगितलं होतं, “बर्फ कमी टाका.” हेतू हा की दारू जास्त मिळावी. पोरगा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. माप आधीच ठरलेलं असतं, साठ मिलीची साठच पडते. बर्फ कमी टाकला तर तो लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं. शिवाय ढवळताना वितळलेलं पाणी हा कॉकटेलचाच एक घटक आहे. ते नसलं तर घशाला नुसता जाळ. लिंबाचा रस असलेलं हलवून करतात, नुसत्या दारूंचं ढवळून करतात. त्यात आपण ढवळाढवळ करू नये.

पण चवीला सरबत लागलं म्हणून ते सरबत होत नाही, आणि नवखे इथेच फसतात. आपल्याकडची व्हिस्की, रम, जिन बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. साठ मिलीचं कॉकटेल घेतलंत की सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं. ५ टक्क्यांच्या बिअरच्या एका पाइंटात १३ ग्रॅम असतं, म्हणजे एक कॉकटेल हा दीड पाइंट झाला. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं, आणि तो वेग लिंबूपाण्याने, काळ्या कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने वाढत नाही. एका ग्लासाला दोन-तीन तास, दोनला चार ते सहा. म्हणून माझा नियम: दोन, आणि दोन्हींच्या मध्ये एक मोठा ग्लास पाणी. तिसरं मागवावंसं वाटलं तर ती इच्छा दुसऱ्या ग्लासाची असते, तुमची नसते. बिल मागवा.

उपाशीपोटी तर जाऊच नका. अशा ठिकाणचा चकणा चांगला असला तरी बशी लहान असते. घरून पोळी-भाजी खाऊन गेलात तर कोणी हसणार नाही. पोटात अन्न असलं की दारू सावकाश चढते, आणि बिलही.

बिलाचं गणित आधीच कळलेलं बरं. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. परमिट रूममधला हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. म्हणजे मेन्यूवर ७०० लिहिलेलं कॉकटेल ७७० ला पडतं. खाण्यावर जीएसटी वेगळा. सेवा शुल्क आपोआप लावलेलं असेल तर ते काढायला सांगायचा हक्क तुम्हाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तेव्हा हक्क जरूर वापरा, पण मग ज्याने दोन तास तुमच्यासाठी हात चालवले त्याच्या हातात स्वतःहून काही ठेवा. एकाच वेळी हक्काला पक्का आणि हाताचा आखडता, असं नको.

वागणुकीचं थोडं बोलायलाच हवं. काउंटरच्या आतल्या माणसाला “ए” म्हणून हाक मारू नका, चुटक्या वाजवू नका, “स्ट्राँग बनव रे” म्हणू नका. शेजारच्या स्टुलावर एकटी बाई बसली असेल तर ती तिची संध्याकाळ आहे. तिच्याशी ओळख काढू नका, तिच्यासाठी ग्लास पाठवू नका, टक लावून बघू नका. आपल्या जुन्या परमिट रूममध्ये बायकांसाठी जिन्यावरून वर ‘फॅमिली रूम’ असायची, आणि खालचे सगळे जिना चढणाऱ्या बाईकडे मान वळवून बघायचे. माझ्या थोरल्या बहिणीने साठी उलटल्यावर पहिल्यांदा असा लहान बार पाहिला. ती पीत नाही. कोकम-सोडा घेऊन तासभर बसली, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. बाहेर पडताना म्हणाली, “अरे, इथे कोणी बघतच नाही की!” मला त्या बारची याहून मोठी शिफारस माहीत नाही. तुमच्या घोळक्यात न पिणारं कोणी असेल तर त्याला जरूर न्या आणि “एक घोट घे ना” हा आग्रह घरी ठेवून या. आग्रह जेवणाच्या पंगतीत शोभतो, इथे नाही.

परतायचं ठरवून मगच निघा. गाडी, स्कूटर घरी ठेवा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि एका कॉकटेलने ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि दंड भरणारा निदान नशीबवान असतो. ज्याला कोणी अडवलंच नाही त्याचं काय झालं, ते सकाळच्या पेपरात येतं.

शेवटची विनंती दाराबाहेरची. वस्तीतला बार वस्तीच्या सहनशीलतेवर चालतो. परवाना दीडपर्यंतचा असला तरी वरच्या मजल्यावर कुणाची आजी नऊलाच आडवी झालेली असते, समोरच्या घरात दहावीचा अभ्यास चालू असतो. आतला आवाज मालक सांभाळतो, बाहेरचा आपल्यालाच सांभाळायला हवा. सिगारेट ओढत घोळक्याने उभं राहणं, जोरजोरात निरोप घेणं, रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालणं, यांच्याच तक्रारी होतात आणि त्यातून चांगल्या जागा बंद पडतात. तेव्हा दार उघडून गल्लीत आलात की आवाज खाली घ्या आणि कोपऱ्यापर्यंत चालत जा. सांगायचं राहिलेलं काही असेलच, ते रिक्षात बसल्यावर सांगा.