पाठीवरचा हक्क



दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस धाकट्या भावाकडे राहून आले. पसरणी घाटाच्या पायथ्याशी, वाईच्या बाजूला, त्याने दीड एकर जागा कराराने घेतली आहे. तिथे चार तट्टे, एक शिंगरू, दोन शेळ्या आणि त्याचे कुटुंब. पागा पूर्ण झाली तेव्हापासून त्याचा फोन चालूच होता, "आपा, एकदा येऊन बघ तरी."

आमचे घराणे घोडेवाल्यांचे. आजोबांनी आणि नंतर अब्बांनी पाचगणीच्या टेबललँडवर पाहुण्यांना घोड्यावरून फिरवून घर चालवले. तेव्हा पागा म्हणजे घरामागचे पत्र्याचे छप्पर. भावाने मात्र वेगळा मार्ग धरला. आता तो सीझनमध्ये वर जातो आणि उरलेले महिने इथेच आसपासच्या मुलांना घोडेस्वारी शिकवतो. त्याचे बघून आमच्या नात्यातली दोन-तीन मुले विचारू लागली आहेत की, थोडी जागा आहे, आपणही दोन तट्टे घ्यावीत का? त्यांच्यासाठी आणि तसा विचार करणाऱ्या प्रत्येक घरासाठी, मी तिथे जे पाहिले ते लिहिते.

भावाने आधी घोडी नाही, जागा घेतली. त्याचे म्हणणे, लोक उलटे करतात, जत्रेतून जनावर आणतात आणि मग बांधायचे कुठे म्हणून शोधत फिरतात. जागा निवडताना त्याने पाऊस पाहिला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खूर महिनोन्‌महिने चिखलात राहिले की आतून कुजतात, त्यांना घाण वास येतो आणि जनावर लंगडू लागते. घाट उतरला की पाऊस झपाट्याने कमी होतो, म्हणून पागा खाली. जमीन उताराची, म्हणजे पाणी साचत नाही. प्रत्येक तट्टाला साधारण दहा बाय दहा फुटांचा कप्पा आहे, त्यात बसून लोळून उठता येते. घोडा उभ्या उभ्या झोपतो हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. अब्बांच्या पत्र्याखाली तेवढी जागा कधीच नव्हती.

खाण्याचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला. अडीचशे किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण पाच किलो सुका चारा लागतो. पाणी वीस-पंचवीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. काम असेल त्या दिवशी थोडी चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा आणि कोंडा. दर महिना-दीड महिन्याने नालबंद. वर्षाला धनुर्वाताची लस, जंताचे औषध, दातांची तपासणी. यातले काहीही ग्राहक आले नाहीत म्हणून थांबत नाही. कोरोनाच्या काळात टेबललँड रिकामे पडले, तेव्हाही घोडे रोज खातच होते. ज्याच्याकडे सहा महिन्यांचा चारा घेण्याइतकी रक्कम वेगळी नाही, त्याने घोडी घेऊ नये, असे भाऊ स्पष्ट सांगतो.

चूक त्याच्याही घरात झाली. मागच्या वर्षी अकीक्याची दावत होती. उरलेल्या रोट्या आणि भात वाया जाऊ नये म्हणून भाचीने पाटीभर घोडीपुढे ठेवले. मुलीची नियत चांगली होती. रात्री घोडी पायांनी जमीन उकरू लागली, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे पाहू लागली, पुन्हा पुन्हा खाली पडू लागली. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेले ते पुढेच जावे लागते, अडकले तर जीव जातो. डॉक्टर येईपर्यंत भाऊ आणि भावजय तिला आळीपाळीने चालवत राहिले. नळी घालून औषध दिले, पहाटे तिने लीद टाकली तेव्हा भावजय तिथेच मातीवर बसून रडली. आता चंदीच्या डब्याला कुलूप आहे आणि किल्ली भाचीकडे. भावाने रागावण्याऐवजी जबाबदारी दिली, हे शिक्षिका म्हणून मला फार आवडले.

दिवस फजरनंतर सुरू होतो. लीद उचलायची, पाणी बदलायचे, खरारा करायचा, चारही खूर उचलून खडे काढायचे. हे झाल्याशिवाय मुलांना नाश्ता मिळत नाही. नऊ वर्षांचा भाचा घोडीजवळ जाताना आधी आवाज देतो, मागून कधीच जात नाही. शिंगरू सात महिन्यांचे आहे. त्याच्यावर बसायचा हट्ट त्याने केला, तेव्हा भाऊ म्हणाला, "तीन वर्षं थांब. त्याची हाडं अजून कच्ची आहेत, तुझ्यासारखीच." अकरा महिने पोटात, सहा महिने दुधावर, मग तीन-चार वर्षांचे होईपर्यंत वाट. मोबाइलच्या जमान्यात एवढा सब्र शिकवणारी दुसरी शाळा मला माहीत नाही.

आता जे लिहायला मला जड जाते ते.

2003 साली मी बीएडला होते. फीचा शेवटचा हप्ता मे महिन्यात भरायचा होता. अब्बांच्या राणी नावाच्या घोडीला त्या सीझनमध्ये खोगिराखाली जखम झाली होती, मानेच्या मागच्या उंचवट्यावर, तळहाताएवढी. अब्बा रात्री हळद-तेल लावत आणि सकाळी घोंगडीची जाड घडी टाकून वर खोगीर कसत. ऐन सीझनमध्ये घोडी घरी ठेवली असती तर माझी फी भरली गेली नसती. मला हे माहीत होते. मी पैसे घेतले. जून उजाडला तोवर राणीची पाठ पार खराब झाली होती, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी ती गेली. अब्बा वाईट माणूस नव्हते. स्वतः उपाशी राहून त्यांनी तिला घास घातलेला मी पाहिला आहे. गरिबीत माणूस ज्याच्यावर प्रेम करतो, त्याच्याच पाठीवर ओझे टाकतो.

सहीह बुखारीतली एक हदीस मी कितीतरी वेळा वाचली होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोडे बाळगणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. कोणासाठी घोडा सवाब ठरतो, कोणासाठी आडोसा, तर कोणासाठी गुन्ह्याचे ओझे. आडोसा त्याच्यासाठी, जो कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून घोडा पाळतो, पण त्याच्या मानेवर आणि पाठीवर असलेला अल्लाहचा हक्क विसरत नाही. पोटासाठी घोडा पाळणे जायज आहे, इज्जतीचेही आहे. मात्र त्याच्यासोबत पाठीवरचा हक्क जोडलेला आहे. राणीची पाठ आठवली की ती हदीस मला केवळ वाचल्यासारखी वाटत नाही.

भावाने या हक्काचे गणित केले आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचे आणि 11,880 ने भागायचे. उत्तर येते ते जनावराचे अंदाजे वजन, किलोमध्ये. घेर 145 आणि लांबी 140 असेल, तर सुमारे 248 किलो. याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार पाठीवर टाकायचा नाही, आणि त्यात खोगीरही धरायचे. म्हणजे पन्नास किलोपेक्षाही कमी! सांगा, टेबललँडवर येणारे किती मोठे लोक यात बसतील? म्हणून भाऊ लहान तट्टांवर फक्त मुलांना बसवतो. सीझनमध्ये वजनदार गिऱ्हाईक दुप्पट पैसे देऊ करते, हा नको म्हणतो, आणि ते शेजारच्या घोड्यावर बसून निघून जाते. तोटा खरा आहे. तो घरात जाणवतोही.

मी तिथे असतानाच एक दलाल आला. मोती नावाची घोडी बावीस वर्षांची झाली आहे, तिला घेऊन जायला. भाव अगदी थोडा. भावजयीने मला बाजूला घेतले. "आपा, हे तुमच्यासमोर बोलणार नाहीत. मोती कमवत नाही आणि खाते मात्र सगळ्यांएवढीच. पोरीची फी जूनमध्ये भरायची आहे. माझं चुकतं का?"

तिचे चुकत नव्हते. फी शब्द ऐकून मी काही बोलूच शकले नाही.

रात्री जेवल्यावर मी राणीची गोष्ट पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितली. अम्मी खाली मान घालून ऐकत राहिली. मग मी म्हणाले की मोतीचा चारा दर महिन्याला माझ्या पगारातून येईल. भावजय म्हणाली, "आणि तुम्ही रिटायर झाल्यावर?" सगळे हसले, पण सवाल बरोबर होता. शेवटी असे ठरले की भाचीची फी मी भरायची, मोतीचा चारा भावाने, आणि अगदी लहान मुलांना पहिला आठवडा दोरी धरून मोतीवरच बसवायचे. ती हळू चालते, दचकत नाही. पाय दुखू लागतील तेव्हा तेही बंद. दलाल सकाळी परत आला, तेव्हा त्याला नकार भावजयीनेच दिला, आणि चहाही पाजला.

ज्यांना घोडे पाळायचे आहेत त्यांना म्हणूनच माझे सांगणे एवढेच: कमाईचा हिशेब मांडाल, त्याच पानावर जनावराच्या म्हातारपणाचाही मांडा. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. तुम्हाला कमवून देतो त्यातली पंधरा. उरलेल्या वर्षांचा चारा हा सदका नाही, ते त्याचे येणे आहे. तेवढे देण्याची तयारी असेल तर अल्लाहचे नाव घेऊन सुरुवात करा, आणि आधी जागा पाहा.