ठणकणारा लाल डोळा आणि थेंबांचा भरवसा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत काय किंवा आणखी कुठे काय, लाल डोळा दिसला की लोक एकच निदान करतात : डोळे आले. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर साथ पसरली, तेव्हा ते बहुतेकदा खरेही होते. अशा साथीत डोळा खुपतो, चिपडे येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बरे वाटते. पण डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला, श्वेतपटलाला, जंतूंवाचून सूज येते तेव्हा चिपडे नसतात, ठणका असतो. तो कपाळात, जबड्यात जातो आणि रात्री झोपेतून उठवतो. दिवसाच्या उजेडात पापणी उचलून पाहिले तर लाली जांभळट दिसते. डॉक्टरांनी रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या फिनाइलेफ्रिनचा थेंब टाकला की वरवरची लाली ओसरते, ही खोलवरची मात्र तशीच राहते. हा स्क्लेरायटिस; दुकानातून आणलेल्या थेंबांच्या भरवशावर तो सोडणे म्हणजे दृष्टी पणाला लावणे.

‘दुखणे डोळ्याचे, मग गोळ्या पोटात कशाला?’ हा पहिला आक्षेप. उत्तर असे की, एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत शरीरात दुसरा आजार सापडतो आणि त्यांत आमवात सर्वाधिक. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते, सांध्यांत तशीच डोळ्यांत. सौम्य आजारात थेंबांचा थोडा उपयोग होतो, हे मान्य. पण मुख्य उपचार पोटातूनच : आधी इंडोमेथॅसिनसारखी सूजनाशक गोळी, ती पुरली नाही तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि तेही कमी करता येईना तर मेथोट्रेक्सेट. ‘ती कॅन्सरची गोळी’ म्हणून लोक घाबरतात. कॅन्सरमधली मात्रा कितीतरी मोठी असते. इथे ती आठवड्यातून एकदाच, फॉलिक ॲसिडच्या जोडीने आणि रक्त व यकृत तपासत देतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते आणि गरोदरपणात ती वर्ज्यच. म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. भीतीपोटी औषध टाळण्याची किंमतही मोठी आहे : आमवातात श्वेतपटल झिजू लागलेल्या रुग्णांचा अभ्यास बोस्टनच्या फॉस्टर व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडला. त्यात प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे न मिळालेल्यांत मृत्यूही जास्त आढळले.

स्टेरॉइडची भीती मात्र निराधार नाही. कापूस वेचताना, सोयाबीन काढताना बुबुळाला काडी लागून बुरशी धरली असेल, तर स्टेरॉइडचा थेंब डोळा घालवतो. क्षयरोग किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्गही आधी वगळावा लागतो. पण यातून निष्कर्ष निघतो तो तपासणीचा, उपचार टाळण्याचा नव्हे. सेवाग्राम, सावंगीची मोठी रुग्णालये लांब पडतात, रोजी बुडते, हेही खरे. तरी यातली जुनी औषधे जेनेरिक मिळतात, स्वस्त असतात. महाग पडतो तो महिनाभराचा उशीर. ठणक्याने झोपमोड होत असेल तर थेंब विकत घेऊ नका, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला गाठा. आणि सकाळी हाताची बोटे आखडतात का (ती आमवाताची खूण असू शकते), हे त्यांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा.